कॅमेरे बसले, सेटिंगचे काय?

मा. संपादक,

गणपतीच्या आधी आमच्या पार्ल्यातल्या तळमजल्याच्या घराला चार कॅमेरे आणि रेकॉर्डर बसवून घेतला. बसवणारा मुलगा हाताने सुबक. पट्टीतली एक वायर वाकडी नाही. मोबाइलवर चित्र दाखवले, 'काकू, महिनाभराचं राहतं' म्हणाला, पैसे घेतले आणि गेला.

पुढे जिन्याखालून शेजारच्या मुलाची सायकल गेली. पोलिसांनी सकाळी सहा ते सातचे चित्रण मागितले, तर पडद्यावर मिट्ट काळोख! रेकॉर्डरचे घड्याळ कारखान्यातून आले तसेच बीजिंगच्या वेळेवर, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. 'सहा' म्हणून दिसत होते ते पहाटेचे साडेतीन. खरी वेळ साडेआठच्या पुढे सापडली, पण चेहऱ्याच्या जागी कणकेचा गोळा. कॅमेरा दोन चित्रे पाठवतो, मोबाइलवर पाहण्यापुरती हलकी सब स्ट्रीम आणि साठवण्यासाठी स्वच्छ मेन स्ट्रीम. आमच्याकडे हलकीच साठवली जात होती.

टेलिफोन खात्यात नोकरी झाल्यामुळे मला मॅन्युअल वाचायचा कंटाळा नाही. वेळ भारताची, म्हणजे +५:३० केली, मेन स्ट्रीम लावली, मग हिशेब मांडला. २ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने, एका कॅमेऱ्याचे दिवसाला साधारण २१ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते, पुढे जुन्यावर नवे लिहिले जाते. महिना कुठून आणला, देव जाणे.

तेव्हा हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग, असे ठेवून पाहिले. पण दारचा माड स्वस्थ बसेल तर ना! वारा सुटला की झावळ्या हलणार आणि रेकॉर्डिंग सुरू. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात पावसाचे थेंब पांढऱ्या रेघोट्यांसारखे चमकतात, भिंगासमोर जाळे विणणारा कोळी तर पडदाभर दिसतो. माडाचा भाग हालचालीच्या तपासणीतून वगळला तेव्हा कुठे निभावले. समोरच्या बिऱ्हाडाचे दारही काळ्या चौकटीने झाकले. त्यांच्याकडे कोण येते-जाते, ते आमच्या डिस्कवर कशाला?

पासवर्ड अर्थातच कारखान्याचा होता. असे पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभर ताब्यात घेतले होते.

वायरी ओढणे हे निम्मेच काम. ही सगळी जुळणी घरच्यांसमोर करून, पासवर्डासकट कागदावर लिहून देणे हे बसवणाऱ्याच्या बिलातच धरलेले असावे. नव्याने कॅमेरे घेणाऱ्यांनी तरी शेवटचा हप्ता चुकता करण्याआधी आदल्या रात्रीचे, आपण सांगू त्या वेळेचे चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून मागावे आणि ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहावे.

– एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी, विलेपार्ले (पूर्व)