पोस्टरवर उत्तर भलत्याच प्रश्नाचं

मा. संपादक, स. न.

मी केज तालुक्यातल्या एका शाळेत सातवी-आठवीला शिकवते. आमच्याकडं मुलींसाठी एचपीव्ही लसीचं (गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची लस) शिबिर ठरलं आणि पालकांशी बोलायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा जे दिसलं ते लिहावं वाटलं. पत्र जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

पोस्टर आलं भलंमोठं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना होतो, विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो वगैरे, सगळं खरंच आहे. पण एका आईनं ते वाचलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, माझी पोरगी बारा वर्षाची, तिला कामून असली सुई? लोक म्हणतील पोरीचं काही हाय." दुसरी म्हणाली, "अन् पुढं लेकरं नाई झाली तर?" लसीनं वंध्यत्व येतं याला काहीही पुरावा नाही, पण पोस्टरवर त्याचा एक शब्द नव्हता.

माझी भाची एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करते, तिनं सांगितलं की यावर जुनी थिअरीच आहे, हेल्थ बिलीफ मॉडेल. १९५० च्या दशकात अमेरिकेत टीबीच्या फुकट एक्स-रेच्या गाड्या वस्तीत नेल्या तरी लोक येईनात, मग तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी का येत नाहीत ते शोधायला घेतलं. त्यातनं पुढं आलं ते असं, की माणूस मनात हिशोब करतो: हे मला होईल का, झालं तर किती वाईट, सुईचा फायदा काय आणि मधे अडचण काय, आणि एवढं करूनही शेवटी कुणीतरी उठवावं लागतं. आपल्याकडं सगळा जोर "किती वाईट" यावरच. आधीच कॅन्सरचं नाव न घेता "तो आजार" म्हणणाऱ्या गावात अजून भीती घातली की बाया विषयच बंद करतात.

अडचणीचं तर कुणी विचारतच नाही. आमचं शिबिर जानेवारीत. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याला जातं, पोरगी आजीजवळ, फॉर्मवर सही आईची नाहीतर बापाची पाहिजे आणि ते दोघं फडात, फोन लागला तर लागला. कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा माझ्या कपाटात अजून तसाच आहे, आणि वर आम्हालाच ऐकवलं की पालक अडाणी आहेत! जून ते दसरा एवढ्या काळात घ्या की शिबिर.

अजून एक, सुईच्या भीतीनं एखादी पोरगी चक्कर येऊन पडते. म्हणून तर सुईनंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवायला सांगतात, पण पालकांना हे आधी सांगितलं नाही तर संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ती पोरगी दवाखान्यात पोचलेली असते.

बोलायची पद्धत पण बदलावी लागली. "लस घ्यायची का?" विचारलं की "घरी विचारून सांगते" हे ठरलेलं. "गुरुवारी लस आहे, मुलीला जेवू घालून पाठवा, शंका असेल तर आत्ता बोलू" असं म्हटलं की आया थांबून बोलतात. अमेरिकेत डॉक्टरांना असंच बोलायला शिकवलं तर लस घेणाऱ्या मुली-मुलं वाढली. बारा वर्षाची का, याला मी पोलिओचं उदाहरण देते, डोस आजार गाठायच्या आधीच देतो ना, आणि ९ ते १४ वयात शरीर लसीला चांगलं उत्तर देतं म्हणून डोसही कमी लागतात. एवढ्यावर बऱ्याच जणी मान हलवतात. सिक्कीमनं २०१८ मध्ये शाळाशाळांतून ९० टक्क्यांच्या वर मुलींना लस दिली, मग आपल्याला काय धाड भरलीय?

आणि आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारावर बायकांचा मोठा अभ्यास झाला. घरोघर जाऊन समजावलं तेव्हा खेड्यातल्या बाया तपासणीला आल्या, आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिशीच्या पुढच्या आयांनी तपासणी करायचीच आहे, लस पोरीला आणि तपासणी आईला एकाच दिवशी ठेवली तर आईची एक मजुरी तरी वाचेल.

तुमच्या जिल्हा पानावर टोळ्या निघायच्या आधी आयांचे हेच प्रश्न, त्यांच्याच भाषेत, डॉक्टरांच्या उत्तरासहित छापा. आशाताई ते कात्रण घेऊन घरोघर जातील, मी विचारून ठेवलंय.

आपली वाचक,
एक शिक्षिका, ता. केज, जि. बीड