वाहतुकीचे आकडे सांभाळणारा जातो तेव्हा

महोदय,

वाहतुकीची आकडेवारी वर्षानुवर्षे सांभाळलेला अधिकारी नोकरी सोडून सल्लागार कंपनीत रुजू झाला, यात आता मुंबईत कुणाला नवल वाटत नाही. त्यात गैरही काही नाही. प्रश्न मागे काय उरते हा आहे. बहुधा उरतात ते पीडीएफ अहवाल आणि 'फायनल', 'फायनल नवीन' अशा नावांच्या एक्सेल फायली. मग त्याच आकड्यांचा अर्थ लावून घ्यायला नवी निविदा निघते.

नेमके कुठे अडते? एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव 2018 मध्ये प्रभादेवी झाले. जुने-नवे तक्ते स्थानकाच्या नावावरून जोडले, तर कागदावर एक स्थानक बंद पडते आणि दुसरे शून्यातून उगवते. बसथांब्यांचे त्याहून कठीण. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच नावाचे थांबे, त्यात मेट्रोच्या कामासाठी एखादा शंभर मीटर पुढे सरकतो आणि क्रमांक तोच राहतो. म्हणून जागा बदलली की क्रमांक नवा, जुना पुन्हा कधीच वापरायचा नाही, आणि शेजारी 'कधीपासून' व 'कधीपर्यंत' हे दोन रकाने हवेतच.

मध्यरात्रीनंतरच्या गाडीचेही असेच. ती आदल्या दिवसाच्या वेळापत्रकातली, म्हणून जीटीएफएस या वेळापत्रकाच्या फायलींसाठी ठरलेल्या पद्धतीत तिची वेळ 24:30:00 अशी लिहितात. कुणी 'दुरुस्ती' म्हणून 00:30 केले, की गाडी चोवीस तास आधीच सुटलेली दिसते.

रस्त्यावरच्या मोजणीत घोळ वेगळा. चौकात दर पंधरा मिनिटांनी वाहने प्रकारवार मोजतात, अहवालात मात्र नुसती पीसीयूची, म्हणजे मोटारीच्या मापात बदललेली, बेरीज छापतात. आयआरसी 106-1990 या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार दुचाकींचा वाटा 5 टक्क्यांपर्यंत असेल तर गुणक 0.5, म्हणजे एक दुचाकी अर्धी मोटार, आणि 10 टक्के किंवा अधिक असेल तर 0.75. तासाला 4,000 दुचाकी जाणाऱ्या चौकात हा फरक थेट 1,000 मोटारींचा झाला! कोणता गुणक लावला हेच लिहिलेले नसेल, तर दोन अहवालांची तुलना करण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्याने मोजणी असेल तर त्याची उंची आणि कोनही नोंदवावा. कॅमेरा खाली असला की बसच्या पलीकडच्या दुचाकी मोजणीतून निसटतात.

मोजणीवरून पुढची वाहतूक वर्तवणारे संगणकी मॉडेल तपासताना '85 टक्के ठिकाणी जीईएच 5 च्या आत' ही कसोटी सर्रास लावतात. जीईएच म्हणजे मॉडेलचा आकडा आणि प्रत्यक्ष मोजणी यांतली तफावत सांगणारे माप. न जुळणारे चौक गाळले, तर त्यात कुणीही पास होईल. गाळलेल्या ठिकाणांची यादी कारणांसह मागितली पाहिजे. आमच्या मते अहवालातले सर्वांत वाचनीय पान तेच.

उपाय खर्चिक नाहीत. निविदेतच अट घालावी, की अहवालाबरोबर पंधरा मिनिटांच्या मूळ नोंदी, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारा तक्ता आणि वापरलेले गुणक सीएसव्ही फायलींत, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या साध्या तक्त्यांत, मिळावेत. ते तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. खात्यातला माणूस जात असेल, तर नोटिशीच्या काळात मूळ फायलींवरून मागच्या महिन्याचा अहवाल नव्या माणसाने स्वतः तयार करावा. जाणाऱ्याने शेजारी बसावे, पण कीबोर्डला हात लावू नये. नवा जिथे अडेल, तिथे लेखी टीप राहून गेली आहे. बेरजा जुळल्यावरच कार्यमुक्तीचे पत्र द्यावे. तिकिटांच्या नोंदीत प्रवाशांचे मोबाइल क्रमांक असू शकतात, तेव्हा खासगी लॅपटॉपवरच्या प्रती पुसल्याचे लेखी घ्यावे आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत.

कंपन्यांनीही अशा अनुभवी माणसाचे नाव निविदेत गुण मिळवण्यापुरते वापरू नये. करारात त्याचे मनुष्यदिवस, म्हणजे तो स्वतः किती दिवस काम करणार हे, लिहून घ्यावेत, आणि मोजणीच्या पहिल्या दिवशी तो सकाळी सातला चौकात हजर हवा.

– वाहतूक नियोजन क्षेत्रातील काही वाचक, दादर, मुंबई