कर्ज फिटले, पण घराचा मूळ करारनामा बँकेतच अडकला: विलंबाच्या भरपाईसाठी तक्रार

दिनांक: 14 ऑक्टोबर 2025

प्रति,
मा. प्रधान नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई.

विषय: गृहकर्ज पूर्ण फेडल्यानंतर मूळ कागदपत्रे परत करण्यास झालेला विलंब आणि त्याची नियमानुसार भरपाई मिळण्याबाबत.

संदर्भ: शाखेने 1 ऑक्टोबर 2025 रोजी ईमेलने पाठवलेले उत्तर.

महोदय,

आपल्या बँकेच्या डोंबिवली पूर्व येथील शाखेत माझे व माझ्या पतींचे संयुक्त गृहकर्ज खाते होते. ते कर्ज आम्ही 16 जून 2025 रोजी व्याजासह पूर्ण फेडले. त्या कर्जासाठी गहाण ठेवलेल्या कागदांपैकी सर्वांत महत्त्वाचा कागद, म्हणजे आमच्या घराचा 1994 चा मूळ नोंदणीकृत करारनामा, आम्हाला 4 सप्टेंबर रोजी मिळाला. मधल्या काळात आमचे जुने घर विकण्याचा आणि नवे घर घेण्याचा असे दोन्ही व्यवहार मोडता मोडता राहिले. याबद्दल केलेली तक्रार शाखेने आमच्या खात्यात पाच हजार रुपये ‘सद्भावना म्हणून’ जमा करून बंद केली आहे. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

आम्ही एकतीस वर्षे डोंबिवलीत राहिलो. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि पतींच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर जिना चढणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. मुलगी पुण्यात कोथरूडला राहते, तेव्हा तिच्या जवळपास लिफ्ट असलेले घर घ्यायचे असे आम्ही ठरवले. 2014 मध्ये शेजारची एक खोली विकायला निघाली, ती घेऊन आम्ही दोन्ही घरे जोडली होती. आपल्या बँकेचे कर्ज त्यासाठीच होते आणि त्या वेळी दोन्ही घरांचे मूळ करारनामे, नोंदणीच्या पावत्या आणि सोसायटीची शेअर सर्टिफिकेटे शाखेत जमा केली होती. शाखेने दिलेल्या पोचेवर या कागदांची यादी आहे. तीत पहिल्याच ओळीत 1994 चा करारनामा ‘मूळ’ असा शेरा आणि पानांच्या संख्येसह लिहिलेला असून त्याखाली शाखेचा शिक्का व अधिकाऱ्याची सही आहे.

राहते घर विकून दुसरे घ्यायचे म्हटले की आधी विकायचे की आधी घ्यायचे, हा पहिला पेच असतो. आधी विकले तर मधल्या काळात भाड्याने राहून सामान दोनदा हलवावे लागते आणि तेवढ्यात भाव वाढले तर हातातले पैसे अपुरे पडतात. आधी घेतले तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आमच्यासारख्या निवृत्तिवेतनावर राहणाऱ्यांपुढे उभा राहतो. आयकराच्या बाजूने घाई नव्हती, कारण कलम 54 प्रमाणे जुने घर विकण्याच्या एक वर्ष आधीपासून ते विक्रीनंतर दोन वर्षांपर्यंत नवे घर घेतले तरी भांडवली नफ्यावरील सवलत मिळते. परंतु ज्यांच्याकडून घर घ्यायचे आणि ज्यांना विकायचे, ती माणसे काही दोन वर्षे थांबत नाहीत. म्हणून दोन्ही साठेखते, म्हणजे खरेदीखताआधीचे विक्रीचे करार, पाठोपाठ करायची आणि जुन्या घराचे पैसे आले की ते नव्या घराला द्यायचे, असे आम्ही ठरवले. अशा व्यवहारात मूळ कागद हातात कधी येणार यावर बाकीच्या सगळ्या तारखा अवलंबून असतात, आणि त्यामुळेच कर्ज फेडण्यापूर्वी मी शाखेला लेखी विचारले होते. कर्ज बंद झाल्यापासून वीस कामकाजाच्या दिवसांत सर्व मूळ कागद मिळतील, असे शाखेने 9 जून रोजी ईमेलने कळवले. त्या शब्दावर विसंबून आम्ही मुदत ठेव मोडून उरलेले कर्ज फेडले आणि पुढच्या तारखा ठरवल्या.

27 जूनला डोंबिवलीच्या घराचे साठेखत 72 लाखांना नोंदवले. 2 जुलैला पुण्याच्या घराचे 88 लाखांचे साठेखत झाले. त्यावर सात टक्क्यांप्रमाणे 6 लाख 16 हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि 30 हजार रुपये नोंदणी शुल्क आम्ही त्याच वेळी भरले, शिवाय घरमालकांना वीस लाख रुपये दिले. उरलेली रक्कम 31 ऑगस्टपर्यंत द्यायची होती. आमचे घर घेणारे जोडपे दुसऱ्या बँकेचे कर्ज घेणार होते आणि त्या बँकेने ते मंजूरही केले होते. पैसे सोडण्यासाठी तिला हवी होती ती फक्त मूळ कागदांची पूर्ण साखळी.

11 जुलैला शाखेने बोलावून आम्हाला एक पाकीट दिले. शाखेतल्या काउंटरवरच मी ते उघडून पोचेवरच्या यादीशी एकेक कागद ताडून पाहिला. 2014 चा करारनामा होता, शेअर सर्टिफिकेटे होती, पण 1994 च्या करारनाम्याच्या जागी त्याची झेरॉक्स होती आणि तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘ओके’ असे लिहिलेले होते. मी सही करताना पोचपावतीवर ‘1994 चा मूळ करारनामा व त्याची नोंदणी पावती मिळाली नाही’ असे स्वतःच्या हाताने लिहिले. त्या पावतीची प्रत शाखेकडे आहेच.

त्यानंतर जे घडले त्याचा मला सर्वांत जास्त मनस्ताप झाला. मूळ करारनामा बँकेच्या मध्यवर्ती दस्तऐवज केंद्रात आहे आणि मागवला आहे, असे आधी सांगण्यात आले. मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका अधिकाऱ्याने असा सल्ला दिला की आम्ही पोलीस ठाण्यात करारनामा आमच्याकडून गहाळ झाल्याची तक्रार द्यावी, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापावी आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढून घ्यावी, म्हणजे काम ‘लवकर होईल’. जो कागद अकरा वर्षे बँकेच्या ताब्यात आहे आणि ज्याची बँकेच्या सहीशिक्क्याची पोच माझ्यापाशी आहे, तो माझ्याकडून हरवला असे मी पोलिसांना खोटे कसे सांगावे? शिवाय मूळ करारनामा गहाळ असल्याची जाहीर नोटीस निघाली की घर घेणाऱ्याच्या आणि त्याच्या बँकेच्या मनात शंका आलीच. भाव पाडून मागण्याचे ते आयतेच कारण होते. मी नकार दिला. त्यावर शाखेने 8 ऑगस्टच्या ईमेलमध्ये करारनामा हरवलेला नसून ‘वाटेत’ असल्याचे कळवले.

दरम्यान खरेदीदारांच्या बँकेने 12 ऑगस्टला सेरसाईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणी यंत्रणेच्या, नोंदी तपासल्या, तेव्हा आमच्या घरावर आपल्या बँकेचा बोजा तसाच दिसत होता. कर्ज फिटून जवळजवळ दोन महिने झाले होते. हा बोजा 20 ऑगस्टला, तोही मी तक्रार केल्यानंतर, उतरवला गेला.

खरेदीदार जोडपे समंजस निघाले म्हणूनच विक्री टिकली. गणपती नव्या घरी बसवायचा, या हिशेबाने त्यांनी भाड्याचे घर सोडण्याची नोटीस दिली होती. ती मागे घेऊन त्यांनी घरमालकाकडे आणखी मुदत मागितली. पुण्याचे घरमालक मात्र थांबायला तयार नव्हते, आणि त्यांनी तरी का थांबावे? 31 ऑगस्ट टळली असती तर साठेखत रद्द करण्याचा त्यांना हक्क होता आणि मग आम्ही भरलेले मुद्रांक शुल्क परत मिळवण्यासाठी आम्हाला सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या असत्या. शेवटी 29 ऑगस्टला, ऐन गणपतीत, आम्ही पुरवणी करार केला आणि 30 सप्टेंबरपर्यंतची मुदतवाढ 75 हजार रुपये देऊन विकत घेतली. त्यांचा विश्वास राहावा म्हणून आणखी पंधरा लाख रुपये आगाऊ दिले. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून मुदतीआधी काढावे लागले. तीत एक टक्का कपातीपोटी पंधरा हजार रुपये गेले, आणि ज्या ठेवीवर वर्षाला 8.2 टक्के व्याजाने आमचा घरखर्च चालत होता ती ठेव संपली, हे वेगळेच. याच सुमारास आपल्या बँकेच्या विक्री विभागातून मला फोन आला आणि दोन घरांच्या व्यवहारातली तफावत भागवण्यासाठी ब्रिज लोन सुचवण्यात आले. ही तफावत बँकेनेच निर्माण केली होती. तिच्यावर बँकेलाच व्याज आणि प्रोसेसिंग फी देण्याची कल्पना मला अतिशय अन्यायाची वाटली.

4 सप्टेंबरला मूळ करारनामा नोंदणी पावतीसह मिळाला. पाकिटावर दुसऱ्याच एका कर्जदाराचा खाते क्रमांक खोडून आमचा लिहिलेला होता, यावरून तो इतके दिवस कोणत्या फायलीत होता याचा अंदाज येतो. डोंबिवलीच्या घराचा व्यवहार 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, पूर्ण झाला आणि पुण्याच्या घराचे खरेदीखत 26 सप्टेंबरला झाले.

आता शाखेच्या उत्तराविषयी. कागद 11 जुलैला, म्हणजे तीस दिवसांच्या आत ‘सुपूर्त’ केले असून एक दस्तऐवज वाहतुकीत मागे राहिला, इतकेच त्यात म्हटले आहे. रिझर्व्ह बँकेचे 13 सप्टेंबर 2023 चे परिपत्रक अशी पळवाट ठेवत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत सर्व मूळ कागदपत्रे परत करावीत आणि नोंदवलेला बोजाही उतरवावा, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. बँकेमुळे उशीर झाला तर त्याची कारणे कर्जदाराला कळवावीत आणि उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी 5,000 रुपये भरपाई द्यावी, असेही त्यात आहे. 1 डिसेंबर 2023 पासून ज्यांची कागदपत्रे परत करणे देय झाले, अशा सर्वांना हे लागू आहे. आमची मुदत 16 जुलैला संपली. 17 जुलै ते 4 सप्टेंबर हे 50 दिवस होतात, आणि त्यांची भरपाई 2,50,000 रुपये होते. कागद हरवला असेल तर बँकेला आणखी तीस दिवस मिळतात, हे मला माहीत आहे. पण त्या तरतुदीत नकला मिळवून देण्याची आणि त्यांचा खर्च सोसण्याची जबाबदारीही बँकेवरच टाकलेली आहे, आणि आमचा कागद हरवलेला नव्हता असे आपल्याच शाखेने 8 ऑगस्टला लिहून दिलेले आहे. तेव्हा दर दिवसाचा दर एकदाच देऊन त्याला सद्भावना म्हणणे मुळीच योग्य नाही. ही रक्कम आमच्या हक्काची आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, जमा केलेले 5,000 रुपये वजा करून उरलेले 2,45,000 रुपये आमच्या खात्यात जमा करावेत. याशिवाय मुदतवाढीचे 75,000 आणि ठेव मोडल्याने कापले गेलेले 15,000 असे 90,000 रुपयांचे जे प्रत्यक्ष नुकसान आम्हाला सोसावे लागले तेही भरून द्यावे, कारण परिपत्रकातली भरपाई कर्जदाराच्या इतर कायदेशीर हक्कांना बाधा आणत नाही असे त्यातच नमूद आहे. 1994 चा करारनामा 16 जूनपासून 4 सप्टेंबरपर्यंत कुठे होता, याचा लेखी खुलासा मला हवा आहे, आणि खोटी पोलीस तक्रार देण्याचा सल्ला ग्राहकांना दिला जाणार नाही, असे शाखेला लेखी कळवून त्याची प्रत मला द्यावी. हा सल्ला माझ्याऐवजी एखाद्या एकट्या, घाबरलेल्या वृद्ध ग्राहकाला मिळाला असता तर त्याने तो कदाचित मानलाही असता, याची मला खरोखर काळजी वाटते.

आणखी एक विनंती आहे. घर विकण्यासाठी जो ग्राहक कर्ज बंद करतो त्याच्याकडून पैसे भरून घेण्याआधीच शाखेने त्याचे मूळ कागद कोणत्या केंद्रात आहेत हे तपासावे आणि ते मागवून पोचेच्या यादीशी ताडून पाहावेत. हे काम आठवडाभर आधी झाले असते तर आमचा एकही रुपया गेला नसता.

माझी तक्रार अंशतः फेटाळण्यापूर्वी ती बँकेच्या अंतर्गत लोकपालांकडे पाठवली होती का, हेही कृपया कळवावे, कारण शाखेच्या उत्तरात त्याचा उल्लेख नाही. या पत्राला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली मी तक्रार दाखल करीन. 2014 ची पोच, कर्ज बंद झाल्याचे पत्र, 11 जुलै व 4 सप्टेंबरच्या पावत्या, शाखेचे सर्व ईमेल, पुरवणी करार आणि बचत योजनेचा हिशेब यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडेच राहतील. पडताळणीसाठी ते पाहायचे असल्यास आपल्या अधिकाऱ्याने पुण्याच्या पत्त्यावर यावे.

कळावे,

आपली विश्वासू,
(सही)
माजी कर्जदार, स्वतःसाठी व पतींच्या वतीने