तुझी दाढ आणि माझा धाकटा

सोलापूर,
२८ एप्रिल

प्रिय मंजू,

तुझा रात्री साडेअकराचा व्हॉइस मेसेज सकाळी मेडिकलच्या दुकानाचं शटर वर करताना ऐकला. दाढेसाठी अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल दिलंय, जाऊबाई म्हणाल्या अँटिबायोटिकनं माला-डी, म्हणजे आपली गर्भनिरोधक गोळी, ‘कटते’, तिचा परिणामच जातो, आणि तेव्हापासून तुझ्या डोळ्याला डोळा नाही. इकडे पारा ४३ वर गेलाय, दुपारी अख्ख्या पेठेत चिटपाखरू फिरकत नाही. म्हणून काउंटरमागे पंख्याखाली बसून सविस्तरच लिहिते.

नाही गं कटत. तुझ्या दोन्ही गोळ्यांचा माला-डीशी काही संबंध नाही. अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, सर्दीतापाची नेहमीची औषधं, यांनीही काही होत नाही. एवढंच बघ, की अमॉक्सिसिलिननं कधी कधी पोट बिघडतं. एकदोनदा पातळ झालं तर सोडून दे. पण दिवसभराहून जास्त पाण्यासारखे जुलाब लागले तर ते दिवस गोळी चुकल्याचे धरायचे. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर लगेच दुसरी घ्यायची. पोटात टिकलीच नाही तर ती काम कशी करणार?

आता जाऊबाईंची बाजूही सांगते, कारण त्या अगदीच हवेत बोलत नाहीयेत. एक अँटिबायोटिक खरंच कापतं: रिफाम्पिसिन, टीबीचं. मागे पॉवरलूमवर जाणारी एकजण माला-डी घ्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, ‘ताई, लघवी केशरी होतीय, उष्णतेचं काही द्या.’ मी तिला तिथंच थांबवलं, कारण लघवीला तो रंग रिफाम्पिसिननंही येतो. या औषधानं लिव्हर इतकं कामाला लागतं, की आपल्या गोळीतले हार्मोन भराभर मोडून टाकतं. औषध बंद झाल्यावरही चार आठवडे हा परिणाम राहतो. अशा वेळी एकाऐवजी दोन गोळ्या घेण्याचा शहाणपणा करायचा नाही. तांबी किंवा अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन बरं. फिटच्या काही गोळ्यांचंही तसंच, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन वगैरे. टीबीचं एक औषध खरं, म्हणून बायकांनी सगळ्या अँटिबायोटिकवर आळ घेतला.

आता माझी गोष्ट ऐक, हसू नकोस. धाकटा कसा झाला तुला कधी सांगितलंच नाही. कुठल्या औषधानं नाही, दिवाळीनं झाला! पाकिटात २१ पांढऱ्या गोळ्या आणि ७ तपकिरी. तपकिरी म्हणजे नुसतं लोह, हार्मोन नाहीच. माझ्या तपकिरी लक्ष्मीपूजनाला संपल्या, नवीन पाकीट सोलापुरात कपाटात, आणि मी माहेरी मंगळवेढ्याला फराळ करतेय. परत आल्यावर सुरू केलं, चार दिवस उशिरा. वाटलं, पाळी आत्ताच तर आटोपली, एवढ्यात काय होतंय? मेडिकलवाली मी, आणि ही अक्कल! पांढऱ्या गोळ्या बीजांडाला झोपवून ठेवतात. सात दिवसांची सुट्टी चालते, पण ती अकरा दिवसांची झाली की बीजांड जागं होतं. म्हणून पाकिटाच्या मधली एखादी विसरण्यापेक्षा नवीन पाकीट उशिरा सुरू करणं जास्त घातक. बायका मात्र याच दिवसांत निर्धास्त असतात.

एक चुकली तर आठवेल तेव्हा घे, दिवसाला दोन झाल्या तरी चालतं, बाकी काही नाही. दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची राहिलेली तेवढी घे, आधीच्या सोडून दे, आणि सलग सात पांढऱ्या होईपर्यंत दाजींना निरोध वापरू दे. चुकल्या त्या शेवटच्या आठवड्यातल्या असतील तर तपकिरी बाजूला ठेवून थेट नवीन पाकीट. पहिल्या आठवड्यातल्या असतील आणि संबंध आलेला असेल तर ७२ तासांच्या आत तातडीची गर्भनिरोधक गोळी, जितकी लवकर तितकी बरी.

आणखी एक. इथल्या गड्डा यात्रेच्या आधी आणि तुळजापूरच्या नवरात्रात दुकानात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची रांग लागते. नॉरएथिस्टेरॉन, दिवसाला तीन. कितीतरी जणींना वाटतं, एवढं हार्मोन पोटात आहे म्हणजे दिवसही राहणार नाहीत. राहतात! ती गर्भनिरोधक म्हणून दिलेलीच नसते. तू तर माला-डीवालीच, तुला ती लागतच नाही. तपकिरी वगळून पुढचं पाकीट सुरू केलंस की पाळी आपोआप लांबते.

पपई, चिंच, चतुर्थीचा उपास, गोळी नऊऐवजी अकराला घेणं, यानं तुझ्या गोळीचं काही बिघडत नाही. उपासाला गोळी पाण्याबरोबर चालते, त्यानं उपास मोडतो का ते मात्र सासूबाईंना विचार. पाकीट तेवढं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस, या उन्हात कुठलंच औषध तिथं टिकायचं नाही.

कुणीतरी ओआरएस मागतंय, उठते. दाढ काढली की कळव. शेंगाचटणी पाठवते, पण सूज उतरल्यावरच खा.

तुझीच,
शैला