बाबांच्या कानाविषयी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, गोळ्यांचा दुसरा कोर्स संपत आला तरी तुमच्या कानाचा ठणका थांबलेला नाही आणि आता याहून जबरदस्त औषध मागून घ्यावे असे तुमच्या मनात आहे, हे आईकडून कळले. फोनवर तुम्ही "बरे आहे" एवढेच म्हणता, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझी कळकळीची विनंती आहे की तिसरे अँटिबायोटिक सुरू होण्याआधी कानाच्या तज्ज्ञांकडून कान सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा.

अँटिबायोटिक लागू पडले तर साधारणपणे ४८ ते ७२ तासांत दुखणे उतरू लागते. तसे झाले नाही म्हणजे औषध कमी पडले असेच नव्हे. दुखण्याचे कारणच वेगळे असू शकते. अँटिबायोटिक जिवाणूंना मारते, बुरशीला नाही. उलट जिवाणू हटले की बुरशीला मोकळे रान मिळते आणि थेंबांनी कानाची नळी सतत ओली राहिली तर ती अधिकच फोफावते. अशा कानात ठणक्यापेक्षा खाज जास्त असते, दडा बसतो आणि आत भिजलेल्या कागदाच्या लगद्यासारखा थर साचतो, ज्यावर कधी कधी काळे ठिपकेही दिसतात. तो थर सक्शनने काढल्याशिवाय कोणतेही औषध कातडीपर्यंत पोहोचत नाही. तुम्ही त्याच कानात दिवसभर श्रवणयंत्र घालता, त्यामुळे नळीला वारा लागत नाही. कान पूर्ण कोरडा होईपर्यंत ते बाजूला ठेवावे.

मला खरी काळजी आहे ती तुमच्या मधुमेहाची. वय झालेल्या आणि मधुमेह असलेल्या माणसांत सूडोमोनास जिवाणूचा संसर्ग कधी कधी नळीच्या कातडीतून कवटीच्या तळाच्या हाडात उतरतो. बाहेरून कान फारसा बिघडलेला दिसत नाही, पण ठणका मात्र रात्री झोपू देत नाही. तुम्ही मध्यरात्री कानावर हात धरून उठून बसता, असे आईने सांगितले तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. हा आजार बरा होतो, परंतु त्याला नेमके अँटिबायोटिक बहुधा सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ द्यावे लागते, आणि ते नेमके कोणते हे ठरवण्यासाठी कानातल्या स्रावाचे कल्चर, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, करावे लागते. हाडाची शंका आली तर स्कॅनही सांगतील. त्याला नाही म्हणू नये. दरम्यान सध्याची गोळी मनाने बंद करू नये, कानात तेल किंवा कापसाची काडी घालू नये आणि अंघोळीच्या वेळी पाणी आत जाऊ देऊ नये.

आई, बाबांचा चेहरा एका बाजूला वाकडा वाटला, डोळा नीट मिटेनासा झाला, गिळताना त्रास होऊ लागला किंवा कानामागे सूज येऊन ताप चढला, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा. तपासणीला जाताना आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, थेंबांच्या बाटल्या आणि साखरेचे अलीकडचे रिपोर्ट बरोबर घे, म्हणजे कोणते औषध किती दिवस झाले ते डॉक्टरांना नेमके कळेल. वेळ ठरली की लगेच कळव. त्या दिवशी मी तुमच्याबरोबर येणार आहे.

तुमची लेक