मुंडकं नसलेला स्वार

कसबा पेठ, पुणे

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

राजघराण्यांच्या त्या कोरीव छापचित्रांत एवढं काय बघतोस, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

एकच चित्र सांगतो. चित्रकार व्हॅन डाइकने १६३३ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स घोड्यावर रंगवला. १६४९च्या जानेवारीत त्या राजाचा शिरच्छेद झाला. पुढे पिएर लोंबार या फ्रेंच कलाकाराने तोच घाट तांब्याच्या पत्र्यावर कोरला आणि घोड्यावर बसवलं राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलला! ज्यानं राजा मारला, त्यालाच राजाचा घोडा आणि राजाचं चिलखत. १६६०मध्ये राजघराणं गादीवर परतलं. त्याच पत्र्यावर मारल्या गेलेल्या पहिल्या चार्ल्सचा चेहराही कोरला गेला. मधल्या अवस्थेतला एक ठसा आहे: घोडा, चिलखत, हातातला दंड, सगळं जागच्या जागी, आणि मानेच्या वर कोरा कागद. ती कोरी जागा मी कितीतरी वेळ बघत बसलो.

तांबट आळीतल्या ओळखीच्या कारागिरांना विचारलं, कोरलेला चेहरा पुसतात कसा? ते म्हणाले, "खरवडायचा. पण तिथे खळगा पडतो. मग पत्रा पालथा घालून मागनं ठोकायचा, जागा वर आणायची आणि घोटायची." लगेच एका तुकड्यावर करूनही दाखवलं. बोट फिरवून पाहिलं, खळगा कुठे होता ते कळेना.

चेहरा इतक्या सहज जातो. घोडा मात्र कुणालाच पुसावासा वाटला नाही. मुजरा त्या घोड्याला आणि चिलखताला होता. वर कोण, हे मागाहून ठरायचं. शिवाय रंगवलेलं चित्र राजवाड्यात एकच असतं, ठसे कितीतरी निघतात आणि ज्यानं राजा जन्मात पाहिला नाही त्याच्याही भिंतीवर जातात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६०मध्ये फर्मान काढून कोरीवकामाला कलेचा मान दिला, तो उगाच नव्हे.

आपल्या पुण्याचंही एक चित्र मनातून जात नाही. पेशवे आणि इंग्रज यांच्या १७९०च्या तहाचा दरबार. चित्रकार जेम्स वेल्सने इथे राहून रेखाटनं केली. १७९५मध्ये तो वारला, त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले. चित्र पुरं केलं थॉमस डॅनियलने, १८०५मध्ये, विलायतेत. दरबार पेशव्यांचा, माणसं आपली, पण चित्रातला पराक्रम इंग्रजांचा इथला प्रतिनिधी, रेसिडेंट मॅलेटचा. याचा मला खरोखर त्रास होतो, विनू.

दिवाळीत आलास की आळीत जाऊ. तो तांब्याचा तुकडा मी मागून आणलाय, टेबलावरच असतो. पुढून अगदी गुळगुळीत आहे. पालथा केला की हातोडीचे ठोके अजून दिसतात.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास