पाकीट उघडणाऱ्याचा पण विचार करा

संपादक महोदय,
नमस्कार.

गेल्या आठवड्यात सकाळी सहाला सासूबाई चहा ठेवायला उठल्या आणि दुधाची पिशवी कापताना अर्धं दूध ओट्यावर गेलं. त्यांना ७८ वर्षं झालीत, सांधे दुखतात, बोटं वाकलीत, एका हाताने गार ओली पिशवी धरायची आणि दुसऱ्याने कात्री चालवायची हे जमत नाही, पण सकाळचा पहिला चहा त्यांनाच करायचा असतो. सगळं पुसून झाल्यावर त्या पिशवीचा कापलेला कोपरा मोरीच्या जाळीत अडकलेला सापडला, नखाएवढा तुकडा.

तेव्हापासून तो तुकडा डोक्यातून जात नाही. पिशवी आम्ही धुऊन वाळवून सुक्या कचऱ्यात देतो, पालिकेची गाडी येते, तिचं पुढे काहीतरी होतं तरी. पण हा कोपरा कोण वेचणार? मोरीतून गटारात, गटारातून व्हाळात, आणि गोव्यातल्या आमच्या साखळीचं सगळं पाणी वाळवंटी नदीत जातं नि तिथून मांडवीत. घरटी रोज दोन तुकडे धरले तरी वर्षाचे सातशेच्या वर होतात.

युरोपात ३ जुलै २०२४ पासून नियमच आहे की ३ लिटरपर्यंतच्या, एकदा वापरून टाकायच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांची टोपणं बाटलीलाच अडकलेली राहिली पाहिजेत. मग आमच्या पिशवीचा कोपरा का राहू नये? दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक ओढलं की ताणतं, फाटत नाही, म्हणून कात्री लागणारच, ते मान्य. पण कोपऱ्यावर एक तिरकी तुटक रेघ छापा आणि लिहा, इथपर्यंतच कापा. त्याला लागते फक्त शाई. मी आता तसंच कापते, कोपरा लोंबत राहतो, दूध नीट ओतता येतं.

मसाल्याच्या पुड्यांची गोष्ट वेगळी. त्यावर 'येथे फाडा' लिहिलेलं असतं पण तिथे खाचच नसते, मग ओल्या हाताने कसं फाडायचं, शेवटी दाताने ओढायचं आणि हळद अंगावर. असा कागद खाच असली तरच सरळ फाटतो, बिस्किटाच्या पुड्याची कड करवतीसारखी असते ती त्याचसाठी, कुठूनही सुरुवात करता यावी म्हणून. एवढं माहीत असून खाच नको तिथे आणि हवी तिथे नाही! आणि पावसाळ्यात उघडलेला पुडा परत बंद कसा करायचा याचा तर कुणी विचारच करत नाही, रबर लावा, चिमटा लावा, तरी दोन दिवसांत सगळं सादळतं.

कंपन्यांना जमत नाही असं मुळीच नाही. डिसेंबरात खोबरेल गोठतं, बारक्या तोंडाच्या बाटलीतून निघत नाही, म्हणून रुंद तोंडाच्या बरण्या आल्याच की. हाइन्झने २०१० साली केचपची अशी डबी आणली की झाकण सोलून बुडवून खा नाहीतर टोक फाडून पिळून घ्या, कारण लोक गाडीत बसून खातात हे त्यांनी बघितलं. बघितलं तर सुचतं.

हॉटेलवाल्यांना पण सांगायचंय. रविवारी शागुतीचं पार्सल आणलं, पातळ पिशवीत उकळता रस्सा आणि तोंडाला दोरा गुंडाळून गुंडाळून अशी निरगाठ मारलेली की नखं लागेनात, कात्री लावली तर पिशवीच फुटली आणि टेबलक्लॉथवरचा तो पिवळा तेलकट डाग अजून गेला नाही. सुरगाठ मारली तर काय बिघडतं? तांदळाच्या पोत्याची शिवण बघा, बरोबर बाजूचा दोरा सापडला की एका ओढीत सर्रकन अख्खं तोंड मोकळं होतं, सांडत नाही, फाटत नाही, पोतं परत वापरता येतं. आणि घरचा डबा घेऊन गेलो तर तोंड वाकडं न करता भरून द्या. पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, आम्ही अजून पिशवी घेऊनच जातो ना.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोकमाचं आगळ घेतो ते जुन्या बाटल्यांतलं, ओतलं की ओघळ बाटलीवरून खाली येतो आणि कपाटात लाल गोल उमटतात. आमच्या बायकांचे बचतगट इतकं चांगलं आगळ, पापड, मसाले करतात, त्यांनी कुणाची वाट न बघता आधी सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. नवं पाकीट छापायच्या आधी दहा म्हाताऱ्या माणसांच्या हातात द्या, हात ओले करून उघडायला सांगा आणि फक्त बघत बसा.

दूध संस्थांना एवढीच विनंती, गणपतीच्या चवथीला मुंबई-पुण्याची माणसं घरी येतात, दिवसाला आठ-दहा पिशव्या कापल्या जातात, निदान त्याच्या आधी ती रेघ छापून घ्या.

– एक गृहिणी, साखळी